तुळशी खोऱ्यातून दुर्गमानवाडच्या पठारावर: गाड्या टाळून आखलेली एक सायकल फेरी

वहिनींची अट

वहिनी शाळेत इतिहास शिकवतात. मुलांना कोल्हापूरच्या टाउन हॉलचं संग्रहालय दाखवायला नेलं की ब्रह्मपुरीच्या टेकडीवर निघालेल्या वस्तूंपुढे त्या हमखास थांबतात. 1945-46 मध्ये तिथे उत्खनन झालं आणि सातवाहन काळातलं कोल्हापूर उजेडात आलं. रोमन जगातून इथवर पोचलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझमूर्ती सगळ्यांना माहीत असते. पण एका वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, हे बाहेरून आलं, मग आपलं लोखंड कुठलं?" तो प्रश्न वहिनींनी घरी आणला.

उत्तर पश्चिमेच्या डोंगरात आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये कोल्हापूर संस्थानातल्या लोहखनिजाची नोंद आहे. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेलगतचा करवीरचा भाग, इथे ते सर्वांत जास्त सापडायचं. पूर्वी ते गाळण्याचा धंदा चांगला चालायचा. पुढे मजुरी वाढली, जळणाचा भाव चढला आणि विलायतेहून जहाजाने येणारं लोखंड इतकं स्वस्त पडायला लागलं की इथल्या भट्ट्या बसल्या. वहिनींना तो डोंगर डोळ्यांनी बघायचा होता. गाडीने नाही, सायकलने, सामान बांधून, मुक्काम करत.

अट एकच. "भावजी, मागनं ट्रक येणार असंल तर मी येणार नाही."

ही अट लहरी नव्हती. वहिनी रोज सकाळी रंकाळ्याच्या काठाने सायकल चालवतात, दमसास चांगला आहे. पण फुलेवाडीच्या बाजूला एकदा उसाच्या जोडट्रॉलीने त्यांना इतकं खेटून मागे टाकलं की त्या रस्ता सोडून चरात गेल्या. मागच्या ट्रॉलीचा शेपटा वळणावर आत येतो आणि ड्रायव्हरला तो दिसतही नाही, हे ज्याने सायकलवरून अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे "हळूहळू सवय होईल" असं म्हणणं आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं. माणसाने भीतीची सवय करून घ्यावी, यापेक्षा रस्ता नीट निवडावा, हे मला जास्त पटतं. जाणारे चौघं: दादा, वहिनी, कॉलेजात शिकणारा पुतण्या आणि मी.

खोरं कोणतं

सायकल फेरीची चर्चा निघाली की पुतण्या मोबाइलवर स्पेनचे फोटो दाखवतो. तिकडे तेरुएल भागात ओहोस नेग्रोस नावाच्या गावाजवळ लोखंडाच्या फार जुन्या खाणी आहेत, रोमनांच्याही आधीपासूनच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कंपनीने तिथून समुद्रकाठच्या सागुंतोपर्यंत खनिज न्यायला स्वतःची रेल्वे टाकली. 1907 मध्ये ती सुरू झाली, 1972 मध्ये बंद पडली. रूळ उचलले गेले, माती राहिली, आणि आज त्याच मातीवरून दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर फक्त सायकलवाले आणि पायी चालणारे जातात. बोगदे आहेत, पूल आहेत, चढ इतका सौम्य की खनिज भरलेली मालगाडी चढू-उतरू शकेल.

पुतण्याचं म्हणणं, आपल्याकडेही असं काही असणार. नाही. आपलं जुनं लोखंड बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून उतरलं. त्या वाटांचा माग एक तर जंगलात हरवला किंवा त्यावर डांबर पडलं. रेल्वे कोल्हापुरापर्यंत येऊन थांबली, घाटाकडे गेलीच नाही. तेव्हा आयता, मोकळा केलेला मार्ग आपल्याला वारशात मिळालेला नाही. गाड्या कुठे जात नाहीत, ते आपल्यालाच शोधावं लागणार होतं.

नकाशा समोर ठेवला आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. पंचगंगेला मिळणारं प्रत्येक खोरं पश्चिमेला डोंगरापाशी जातं, पण सगळी खोरी कोकणात उतरत नाहीत. कुंभीच्या खोऱ्यातून गगनबावड्याचा रस्ता जातो आणि पुढे करूळ, भुईबावडा घाट. भोगावतीच्या बाजूने राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. कासारीकडून बाजारभोगाव करत अणुस्कुरा. उत्तरेला मलकापूरवरून आंबा घाट, म्हणजे रत्नागिरीचा हमरस्ता. या प्रत्येक रस्त्यावर फक्त त्या खोऱ्यातल्या गाड्या नसतात. गोवा, देवगड, रत्नागिरी, निपाणी, सगळ्यांचा माल असतो.

तुळशीचं खोरं मात्र धामोडला धरणापाशी मिटतं. पलीकडे घाट नाही. साडेतीन टीएमसीच्या आसपासचं ते धरण आणि मागे डोंगर. कोकणात जाणारा माणूस चुकूनसुद्धा त्या रस्त्याला लागणार नाही. जो येतो तो धामोडचा, आऱ्याचा, बीडचा, नाहीतर त्यांचा पाहुणा. खोरं जितकं लहान तितका रस्ता मोकळा, आणि पाच नद्यांतली तुळशी ही सायकलवाल्याच्या दृष्टीने म्हणूनच सगळ्यांत मोठी.

आणखी एक कारण होतं. तुळशी आणि भोगावतीच्या संगमावर कसबा बीड आहे. जुन्या राजधानीचं गाव, वीरगळांनी, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांनी भरलेलं. पावसाने माती धुतली की इथल्या शेतांत आजही बारीक सोन्याच्या मुद्रा सापडतात, आणि गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात शेतात नजर खाली ठेवून चालतात. लोखंडाच्या शोधात निघालेल्या बाईंना वाटेत सोनं लागतंय म्हटल्यावर मार्ग तिथेच पक्का झाला.

बंधाऱ्याची चाळणी

खोरं ठरलं तरी कोल्हापुरातून बाहेर पडून तिथवर पोचायचं होतं. या टप्प्याचा विचार आम्ही सगळ्यांत जास्त केला, कारण शहराभोवतीचे आठ-दहा किलोमीटरच वहिनींना नको होते.

इथे कामाला आले ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: नदीत ओळीने दगडी खांब असतात, त्यांना खाचा असतात, आणि पावसाळा ओसरला की त्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात. पूर्वी लाकडी बरगे दोन रांगांत लावून मधे माती ठासायचे, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी आहेत. पावसाळ्याआधी बरगे काढले की नदी मोकळी वाहते, गाळ अडत नाही. संस्थानी काळात रुजलेली ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर गेली. खांबांच्या डोक्यावर एक अरुंद फरसबंदी असते आणि दोन्ही काठची गावं तिच्यावरून ये-जा करतात.

ही अरुंदीच आमच्या कामाची. पुलावरून सगळं जातं. बंधाऱ्यावरून पायी माणूस, सायकल, मोटारसायकल, फार तर एखादी लहान गाडी. डंपर, जोडट्रॉली, एसटी यांना तो वर्ज्य. म्हणून जिथे नदी ओलांडायची तिथे पूल टाळून बंधारा घ्यायचा असं ठरवलं की त्याच्या अल्याडपल्याडचे रस्तेही आपोआप हलके होतात, कारण मोठ्या गाडीला त्या रस्त्याने जाऊन उपयोगच नसतो. मुद्दाम कोणी असं केलेलं नाही. पाणी अडवायला बांधलेल्या गोष्टीने गाड्याही अडवल्या.

भोगावतीवर हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे, तारळे, शिरगाव. तुळशीवर बीड, आरे, बाचणी. पुराच्या बातम्यांत ही नावं दरवर्षी एका दमात वाचली जातात: "अमुक बंधारे पाण्याखाली". आम्ही तीच यादी उलटी वाचली. पाण्याखाली नसतील तेव्हा या नऊ जागा म्हणजे नऊ दरवाजे. कोग्याकडून नदी ओलांडून बीड, तिथून आरे, आणि मग तुळशीच्या काठाकाठाने वर धामोड, असा जाण्याचा मार्ग निघाला.

बंधाऱ्यावरून सायकल नेताना मात्र शिस्त पाहिजे. कठडे बऱ्याच ठिकाणी नसतात किंवा पुराने नेलेले असतात. पूर ओसरल्यावर फरशीवर बोटभर गाळ बसतो, वाळला की त्याची पूड होते आणि ओला असला की तेल. वहिनी प्रत्येक बंधाऱ्यावर उतरून चालल्या आणि आम्हीही उतरलो. सायकल पाण्याच्या चढत्या अंगाला धरायची, आपण मधून चालायचं, समोरून मोटारसायकल आली तर खांबाच्या रुंद डोक्यावर थांबून तिला जाऊ द्यायचं. बीडच्या बंधाऱ्यावर एक आजोबा दुधाची किटली घेऊन समोरून येत होते. वहिनींना बघून ते थांबले, म्हणाले, "बाई, दमानं. पानी बघू नगासा, म्होरचा खांब बघा." इतका नेमका सल्ला मी कोणत्याही सायकल क्लबात ऐकलेला नाही.

दसऱ्यापासून बॉयलर पेटेपर्यंत

मार्ग निघाला, आता दिवस. इथे कॅलेंडरपेक्षा कारखान्याकडे बघावं लागतं.

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, मोळी टाकली जाते, आणि मग मार्चपर्यंत करवीर, पन्हाळा, राधानगरीतला कोणताही रस्ता मोकळा म्हणता येत नाही. परितेला भोगावती, कुडित्र्याला कुंभी-कासारी, बिद्रीला दूधगंगा-वेदगंगा, गगनबावड्याच्या वाटेवर आणखी एक. ट्रॅक्टर, उसाच्या अंगद गाड्या, टायरगाड्या आणि ट्रक रात्रंदिवस. रस्त्यावर पाचट आणि सांडलेली कांडकी, पुढच्या चाकाखाली एक आलं तरी हँडल फिरतं. पठारावरच्या बॉक्साइटच्या, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या खनिजाच्या, वाहतुकीचंही तसंच, भर पावसात मऊ झालेल्या रस्त्यांवर डंपर चालत नाहीत, उघडीप झाली की सुरू.

पावसाळ्यात ऊस नाही, डंपर नाहीत, पण बंधारे पाण्याखाली आणि घाटमाथ्यावर समोरचा हात दिसत नाही. म्हणजे बंधारे उघडे पडल्यापासून ऊसतोड सुरू होईपर्यंतचे तेवढे दिवस उरतात. साधारण दसरा ते दिवाळी. दसरा चौकातला सोहळा झाला, सोनं लुटून झालं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

दिवसातले तास निवडतानाही पुस्तकी सल्ला उपयोगाचा नाही. सायकलवाले म्हणतात पहाटे निघा, रस्ता रिकामा असतो. हमरस्त्यावर ते खरं आहे. पण कोल्हापूरच्या आतल्या खोऱ्यात पहाट ही दुधाची वेळ. गावोगावच्या संस्थांमधून कॅन गोळा करणारे टेम्पो ठरलेल्या मिनिटाला पोचायच्या घाईत असतात आणि अरुंद रस्त्यावर त्यांचा वेग मोठ्या ट्रकपेक्षा जास्त भीतीदायक असतो. संध्याकाळीही तेच. मधे शाळेच्या गाड्या. दहा वाजता सगळं शांत होतं ते चारपर्यंत. ऊन असतं, पण तुळशीच्या काठाला ऊस आणि झाडं असल्याने सोसतं. आम्ही न्याहारी करून, भाकऱ्या आणि खर्डा बांधून, साडेनऊच्या सुमाराला निघायचो आणि चारच्या आत मुक्कामी. चारनंतर न चालण्याचं दुसरं कारण गवे. राधानगरी अभयारण्य मुळात गव्यांसाठी 1958 मध्ये राखलं गेलं. ते आता 351 चौरस किलोमीटरचं आहे, पण गव्याला हद्द कळत नाही. दिवेलागणीला तो शेतात उतरतो. मोटारीच्या उजेडाने तो बिचकतो तरी, सायकल त्याला ऐकूच येत नाही आणि एकदम समोरासमोर गाठ पडते.

रंकाळ्यावरून निघताना वहिनींनी एक गोष्ट सांगितली ती पुतण्याला नवीन होती. रंकाळा म्हणजे मुळात दगडाची खाण, अंबाबाईच्या देवळाला इथला दगड गेला आणि पुढे भूकंपाने खाण खचून पाणी भरलं, असं कोल्हापुरात सांगतात. वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या डोंगरातही बारीक कणाच्या काळ्या दगडाची जुनी खाण होती, तिची नोंद गॅझेटिअरमध्ये लोखंडाच्या शेजारीच आहे. आपण ज्या तळ्याकाठी भेळ खातो तिथून खाणींचा इतिहास सुरू होतो, हे मुलांना कळलं पाहिजे, असं वहिनी म्हणाल्या. मलाही तसंच वाटतं.

चढ

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. धामोडपर्यंत नदीच्या काठाने जाताना चढ जाणवतही नाही, पायांना फक्त दुपारनंतर कळतं. पुढे तारळ्याच्या बाजूने दुर्गमानवाडचं पठार मात्र हजार मीटरच्या आसपास. सगळी उंची एकाच अंगाला.

तयारी म्हणून सायकलींचे गिअर बदलून घेतले होते. दुकानातून येणाऱ्या सायकलचा सर्वांत हलका गिअर रिकाम्या सायकलसाठी ठीक असतो. मागे दोन पिशव्या, तंबू, पाणी मिळून दहा किलो चढले की तो जड पडतो. पुढे 28 दात्यांची आणि मागे 34 दात्यांची चकती बसवली. असं केलं की पायडलच्या एका फेऱ्याला सायकल पावणेदोन मीटर जाते, म्हणजे चालण्याच्या वेगाने, पण गुडघा दुखत नाही. सामान कॅरिअरवर उंच न बांधता चाकाच्या दोन्ही अंगांना खाली ठेवलं. वहिनींची सायकल वळणावर डुलेनाशी झाली, हा त्याचा खरा फायदा.

या चढावर दोन रस्ते आहेत, आणि त्यांच्यातला फरक या सगळ्या फेरीतली माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट. एक वाट गावकऱ्यांची आणि विठ्ठलाई देवीच्या भाविकांची. ती डोंगराला सरळ भिडते. देवाला निघालेला माणूस चढाला भीत नाही आणि पायी चालणाऱ्याला जवळचं अंतर महत्त्वाचं. दुसरा रस्ता खनिजाचा. या पठारावरून वर्षानुवर्षं बॉक्साइट निघालं आणि बेळगावच्या कारखान्याला गेलं. भरलेला डंपर उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून असा रस्ता लांब वळणं घेत, एकसारख्या उताराने आखावा लागतो. ओहोस नेग्रोसच्या रेल्वेचं गणितही तेच होतं, माल भरलेला असताना उतार आटोक्यात पाहिजे. खाण ज्या कारणाने रस्ता सौम्य करते त्याच कारणाने तो सामान लादलेल्या सायकलला जमतो. फरक एवढाच की तिथे गाड्या कायमच्या गेल्या, इथे आम्हाला त्या नसण्याचे दिवस निवडावे लागले.

दादाने पायवाटेचा हट्ट धरला होता, जवळची म्हणून. वहिनींनी डंपरचा रस्ता धरला. त्या वर आधी पोचल्या. मधे दोनदा उतरून चालल्या आणि एकदा सावलीला बसून लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या, तरीही.

जांभा

वर आलं की जमीन बदलते. काळा कातळ संपतो आणि तांबडा, भोकाभोकांचा जांभा सुरू होतो. काळ्या पाषाणावर लाखो वर्षं पाऊस पडत राहिला, त्यातली सिलिका आणि बाकीची विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनिअम मागे राहिलं. जिथे लोखंड जास्त साठलं तिथला दगड जड आणि गडद, जिथे ॲल्युमिनिअम जास्त तिथे बॉक्साइट, फिकट, कधी गुलाबी, वाटाण्यासारख्या गोळ्यांचा. म्हणजे जुने लोहार आणि आताचे डंपर एकाच टोपीखाली खणत होते, फक्त हवं ते वेगळं.

पठाराच्या कडेला एका बांधात वहिनींना हवं होतं ते दिसलं. मुठीएवढा तुकडा, काळसर हिरवा, एका अंगाने काचेसारखा चकाकणारा, दुसऱ्या अंगाला बुडबुडे थिजल्यासारखी भोकं, आणि आकाराच्या मानाने जड. लोखंड गाळून उरलेलं कीट. दगड असा वितळलेला दिसत नाही, वाहून थांबल्याची ओघळ त्याच्यावर स्पष्ट असते. पुतण्याने चाव्यांच्या कडीचं लोहचुंबक लावून बघितलं, किंचित ओढलं.

लोखंड गाळणाऱ्या धावडांची भट्टी मोठी नसायची. मातीची, छातीएवढी. खाली कोळसा, वर फोडलेलं खनिज, पुन्हा कोळसा, आणि बाजूने भाता. तासन्‌तास फुंकल्यावर तळाशी लोखंडाचा ओबडधोबड गोळा जमतो, कीट बाजूला वाहून जातं, आणि तो गोळा घणाने ठोकून ठोकून आतली घाण काढायची. खनिजापेक्षा कितीतरी जास्त लागायचा कोळसा. म्हणून भट्टी खनिजाजवळ असण्यापेक्षा जंगलाजवळ असणं गरजेचं, आणि जळण महागलं की धंदा बसला, हे गॅझेटिअरचं कारण त्या बांधाशी उभं राहिल्यावर जास्त कळतं. शाळेतल्या मुलीला द्यायचं उत्तर वहिनींनी तिथेच वहीत लिहून काढलं. तुकडा उचलला नाही. जिथे पडलाय तिथेच त्याचा अर्थ आहे, पिशवीत घातला की तो नुसता खडा, असं त्या म्हणाल्या, आणि फोटो काढून पुढे निघाल्या.

बॉक्साइट काढलेली जागा वेगळी ओळखू येते. खणून परत भरलेली, पायऱ्या पाडलेली, ओळीने लावलेली झाडं. झाडं लावली म्हणजे भरपाई झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी शेजारचा न खणलेला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, बघावं. तिथे मूळचं झाडच नसतं. बोटभर मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद, कवला, दवबिंदू फुलतात आणि दसऱ्यानंतर सगळं वाळून तांबूस होतं. उघडंबोडकं दिसतं, पण ते मोकळं रान नाही, पुढच्या वर्षीचं बी तिथेच निजलेलं असतं. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत राधानगरी अभयारण्यही आहे, आणि अशी पठारं त्या निसर्गाचाच भाग. म्हणून एक गोष्ट मी ठासून सांगतो: सड्यावर सायकल घालू नका. मोकळं मैदान दिसलं की चाक फिरवायचा मोह होतो, मोठ्या टायरच्या सायकली तर त्यासाठीच विकल्या जातात. ती बोटभर माती एका चाकोरीने निघते आणि पुढच्या पावसात त्या चाकोरीचा ओहोळ होतो. आम्ही सायकली रस्त्याकडेला लावल्या आणि दगडांवरून चाललो.

पाणी चढलं तो दिवस

परतीचा बेत वेगळा होता. आलो त्याच वाटेने न जाता भोगावतीच्या काठाने उतरायचं, एका बंधाऱ्यावरून पलीकडे व्हायचं आणि आतल्या गावांतून कोल्हापूर गाठायचं. आदल्या रात्री घाटमाथ्यावर परतीचा पाऊस कोसळला. राधानगरी धरण काठोकाठ होतं.

राधानगरीच्या दरवाज्यांची गंमत माहीत असलेली बरी. शाहू महाराजांनी पाया घातलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजा आपणहून उघडतो, पातळी उतरली की मिटतो. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. सकाळी दोन दरवाजे उघडले होते. आम्ही काठावर पोचलो तेव्हा बंधाऱ्याच्या फरशीवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं आणि मधल्या भागात फरशी दिसतच नव्हती. पलीकडून एक मोटारसायकलवाला पाण्यात घालायच्या बेतात होता, अलीकडच्या बायकांनी ओरडून त्याला थांबवलं.

दादाचं म्हणणं, घोट्याएवढं तर आहे, सायकली खांद्यावर घेऊ. मी नाही म्हटलं. कठडा नसलेल्या फरशीवर घोट्याएवढं वाहतं पाणी पाय ओढतं, आणि खालची फरशी कुठे निखळली आहे ते वरून दिसत नाही. दरवर्षी जिल्ह्यात कोणी ना कोणी असाच जातो. यावर चर्चा नाही.

उरले दोन पर्याय. मागे फिरून तुळशी खोऱ्यातून जायचं, म्हणजे पुन्हा चढ आणि तिकडच्या बंधाऱ्यांचीही खात्री नाही. किंवा पुलावरून मुख्य रस्त्याला लागायचं, म्हणजे वहिनींची अट मोडायची. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अट ट्रकची हाय, रस्त्याची न्हवं. ट्रक नसतील तवा जाऊया की." वहिनी शाळेत प्रमाण बोलतात, पण महत्त्वाचं बोलताना त्यांची भाषा गावाकडे वळते.

काठावरच्या एका घरात विचारलं. त्या घरच्या काकूंनी पडवी दिली, चुलीवर पिठलं टाकलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. त्यांच्या मुलाने रस्त्याचा हिशोब सांगितला: कारखाना अजून बंद, उद्या रविवार, त्यामुळे शाळेच्या गाड्या नाहीत आणि बाजारचा माल नाही, कोकणातून रात्री सुटलेले ट्रक पहाटे चारपर्यंत निघून जातात, दुधाचे टेम्पो साडेसहाला सुरू होतात. उजाडल्यापासून ते टेम्पो सुरू होईपर्यंतचा वेळ आपला.

तसंच केलं. झुंजूमुंजू होताच निघालो. मागे लाल दिवे लावले, अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्या. मी पुढे, वहिनी मधे, आणि दादा सर्वांत मागे, रस्त्याच्या थोडा आत, कारण मागून येणाऱ्या गाडीला पहिला दिसणारा सायकलवाला रस्त्याच्या थोडा आत पाहिजे, अगदी कडेला नको. कडेला चिकटलेल्या सायकलला गाड्या घासून जातात. थोडी जागा व्यापली की त्यांना वळसा घालावाच लागतो. आठ-नऊ किलोमीटरच्या त्या टप्प्यात दोन एसट्या, एक भाजीचा टेम्पो आणि काही मोटारसायकली, इतकंच. टेम्पोवाल्याने लांबून हॉर्न दिला, आणि वहिनींनी मागे न बघता डावा हात वर करून त्याला जायची खूण केली. पुढे पहिला आतला रस्ता लागताच मुख्य रस्ता सोडला.

आखणीत झालेले बदल

या फेरीनंतर वहीत तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येक बंधाऱ्याला जोडीचा दुसरा मार्ग आधीच लिहून ठेवायचा, आणि त्या दुसऱ्या मार्गाचे रिकामे तास त्याच्यापुढे. धरण भरलेलं असेल तर परतीच्या पावसात भोगावतीच्या काठाला मुक्काम एक दिवस जादा धरायचा. आणि मार्गावरच्या गावात निदान एका घरी आदल्या दिवशी फोन करून पाणी विचारायचं, कारण पुराची बातमी येते ती बंधारा बुडाल्यावर, आणि काठावरच्या माणसाला ते आदल्या संध्याकाळीच कळलेलं असतं.

वहिनी आता मुख्य रस्त्याला नाही म्हणत नाहीत, पण वेळ विचारतात. पुढच्या दसऱ्यानंतर धामणी खोरं करायचं ठरलंय. तेही राईपाशी डोंगराला टेकून मिटतं, आणि तिथे सुळे, पनोरे, आंबर्डे हे तीन बंधारे आहेत. शाळेतल्या मोठ्या मुलींपैकी दोघी, त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीसह, पहिल्या दिवसाच्या टप्प्यापुरत्या बरोबर यायचं म्हणताहेत. त्यांच्या पालकांशी वहिनी बोलल्या आहेत. मुलींच्या सायकलींना गिअर नाहीत, त्यामुळे त्या दिवशी पनोऱ्याच्या पुढे चढ घ्यायचा नाही.